गेमप्ले रेकॉर्डिंगसाठी ड्राइव्ह कसा निवडावा: आधी आपला आकडा काढा, मग वेग बघा

गेम मस्त चाललेला असतो, पण रेकॉर्ड केलेला व्हिडिओ उघडला की चित्र मध्येच गोठतं, आवाज पुढे निघून जातो आणि फ्रेम गळालेल्या दिसतात. अशी तक्रार कुणी केली की उत्तर ठरलेलं असतं: ‘एनव्हीएमई घे,’ म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या एसएसडीतला सगळ्यात वेगवान प्रकार. त्याने कधी कधी काम होतंही. पण तितक्याच वेळा नवाकोरा ड्राइव्ह बसवूनही व्हिडिओ तसाच अडखळतो, कारण दोष ड्राइव्हचा नसतोच. आणि उलटंही घडतं. खोक्यावर ‘५०० एमबी प्रति सेकंद’ मिरवणारी एसएसडी दीड मिनिटानंतर साध्या हार्ड डिस्कपेक्षा हळू लिहायला लागते.

म्हणून इथे गणित आधी आणि खरेदी नंतर. रेकॉर्डिंगला सेकंदाला किती डेटा लिहावा लागतो, हा आकडा एकदा हातात आला की ड्राइव्हला विचारायचा प्रश्न एकच उरतो: तासभर सलग लिहायला लावलं तर तुझा सगळ्यात कमी वेग किती?

पायरी १: आपला आकडा काढा

पहिला घोळ एककांचा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, मेगाबिटमध्ये सांगतं, ड्राइव्हचा वेग मात्र मेगाबाइटमध्ये, म्हणजे एमबीमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा ५० मेगाबिटचं रेकॉर्डिंग सेकंदाला ६.२५ एमबी लिहितं. तासाचे होतात २२.५ जीबी. ४के, ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) आणि १२० मेगाबिट अशी भारी सेटिंग ठेवली तरी सेकंदाला १५ एमबी आणि तासाला ५४ जीबी.

हे आकडे पुन्हा वाचा. सेकंदाला १५ एमबी हा वेग दहा वर्षं जुन्या हार्ड डिस्कलाही जड नाही. मग ‘रेकॉर्डिंगला प्रचंड वेगवान ड्राइव्ह लागतो’ हा समज आला कुठून? तो आला फ्रॅप्सच्या काळातून. १९९९ मध्ये आलेलं ते सॉफ्टवेअर प्रोसेसरवर भार नको म्हणून व्हिडिओ फारच थोडा दाबायचं (म्हणजे त्याचा आकार कमी करायचं) आणि सगळं ओझं डिस्कवर टाकायचं. डीएक्सटोरी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर एकच रेकॉर्डिंग एकाच वेळी अनेक डिस्कवर वाटून लिहायची सोय होती. पुढे २०१२ पासून एनव्हिडियाच्या कार्डांवर एनव्हीएन्क हा स्वतंत्र एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा भाग आला, २०१३ मध्ये तो वापरणारं शॅडोप्ले हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आलं, आणि व्हिडिओ ग्राफिक्स कार्डवरच दाबला जाऊन डिस्ककडे यायला लागला. ओझं उतरलं, सल्ले मात्र तेच फिरत राहिले.

दाबलेला आणि न दाबलेला व्हिडिओ यांत किती अंतर असतं ते बघा. १०८०पीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाला ३ बाइट: साधारण ६.२ एमबी. सेकंदाला अशा ६० फ्रेम धरल्या की ३७३ एमबी. रेकॉर्डिंगसाठी सहसा रंगाचे तपशील कमी ठेवणारा ४:२:० हा प्रकार वापरतात, त्यात हे निम्म्यावर, १८७ एमबीवर येतं. ४के म्हणजे चौपट पिक्सेल, म्हणून तिथे ४:२:० मध्येसुद्धा सेकंदाला ७४६ एमबी. या कच्च्या प्रवाहाचे १५ एमबी करून देणारा एन्कोडर तुमच्याकडे असेल, तर ड्राइव्हची चिंता बरीचशी मिटली.

मिटत नाही ती तीन ठिकाणी.

एक, लॉसलेस रेकॉर्डिंग. यूटी व्हिडिओ किंवा मॅजिकवाययूव्हीसारखे कोडेक (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धती) चित्राचा एकही पिक्सेल न बिघडवता दाबतात, त्यामुळे आकार साधारण निम्मा किंवा एक तृतीयांशच होतो. ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये लॉसलेस दर्जा निवडला की मिनिटाला ७ जीबीहूनही जास्त जागा लागू शकते, असा इशाराच समोर येतो. मिनिटाला ७ जीबी म्हणजे सेकंदाला सुमारे ११७ एमबी.

दोन, प्रोरेससारखे संपादनासाठीचे कोडेक. प्रोरेस ४२२ एचक्यू १०८०पी ६० एफपीएसला ४४० मेगाबिट, म्हणजे ५५ एमबी घेतो. ४के ६० एफपीएसला तोच १,७६८ मेगाबिट, म्हणजे २२१ एमबी. तासाला जवळपास ८०० जीबी!

तीन, ‘ठरावीक दर्जा’ या पद्धतीचं रेकॉर्डिंग, ज्याला सेटिंगमध्ये सीक्यूपी म्हटलेलं असतं. यात बिटरेट आपण ठरवत नाही, चित्र ठरवतं. मेनूच्या स्थिर पडद्यावर तो तळाला असतो आणि पाऊस, गवत, धूर, वेगाने फिरणारा कॅमेरा आला की कित्येक पटींनी उसळतो. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात आवडते, कारण जागा जिथे लागते तिथेच खर्च होते. पण मग आपला आकडा कागदावर मिळत नाही, मोजावा लागतो.

मोजायचा असा: तुमच्या गेममधला सगळ्यात गजबजलेला प्रसंग निवडा, नेहमीच्या सेटिंगवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि फाइलच्या आकाराला ३०० ने भागा. फाइल ३ जीबीची झाली तर आकडा आला सेकंदाला १० एमबी. ही सरासरी आहे, क्षणाक्षणाची उसळी तिच्यापेक्षा वर जाते. म्हणून एसएसडीसाठी आकड्याच्या दुप्पट आणि हार्ड डिस्कसाठी तिप्पट वेग धरून चालावं, असा माझा आडाखा आहे.

बिटरेट मुळात किती ठेवायचा, तर यूट्यूब स्वतः अपलोडसाठी १०८०पी ६० एफपीएसला १२ मेगाबिट आणि ४के ६० एफपीएसला ५३ ते ६८ मेगाबिट सुचवतं. रेकॉर्डिंग त्याच्या बरंच वर हवं, कारण संपादनानंतर ते पुन्हा दाबलं जाणार असतं. १०८०पीला ४० ते ५० आणि ४केला १०० ते १५० मेगाबिटच्या पुढे एच.२६४ या नेहमीच्या कोडेकमध्ये फरक डोळ्यांना दिसेनासा होतो. एचईव्हीसी किंवा एव्ही१ हे नवे कोडेक वापरत असाल तर त्याहून कमीतही भागतं.

पायरी २: कोणत्या ड्राइव्हचं पाणी कुठे मुरतं

३.५ इंची, ७,२०० आरपीएमची हार्ड डिस्क बाहेरच्या कडेला सेकंदाला १५० ते २५० एमबी लिहिते. आत, मध्याकडे जाताना हाच वेग साधारण निम्म्यावर येतो, कारण फिरण्याची गती तीच असली तरी आतला घेर लहान असतो. डिस्क बाहेरून आत भरत जाते. त्यामुळे नवी असताना २०० दाखवणारी डिस्क भरत आल्यावर १०० दाखवते, त्यात बिघाड काही नाही. दाबलेल्या व्हिडिओला हेही भरपूर आहे.

हार्ड डिस्कचं घोडं पेंड खातं ते एकाच वेळी दोन कामं सांगितली की. हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, एका जागेवरून दुसरीकडे नेऊन योग्य जागा खाली फिरून येईपर्यंत १० ते १५ मिलिसेकंद जातात. ६० एफपीएसला एका फ्रेमचा वेळच १६.७ मिलिसेकंद. गेमही त्याच डिस्कवरून नकाशा आणि टेक्श्चर वाचत असेल, तर हेड सतत वाचायला एकीकडे आणि लिहायला दुसरीकडे धावतं. २०० एमबीची डिस्क अशा ओढाताणीत १०-२० एमबीवर येते आणि फटका दोघांनाही बसतो: गेम अडखळतो आणि रेकॉर्डिंगही. ‘रेकॉर्डिंगला वेगळा ड्राइव्ह हवाच’ हा नियम इथून आला. हार्ड डिस्कच्या बाबतीत तो आजही शंभर टक्के खरा आहे.

हार्ड डिस्क घेताना सीएमआर आहे की एसएमआर, एवढं मात्र बघाच. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी, सुटे असतात. एसएमआरमध्ये ते एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, म्हणून एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क आधी एका राखीव भागात लिहून घेते आणि निवांत असताना सगळं जागच्या जागी लावते. रेकॉर्ड करा, कापा, पुसा, पुन्हा रेकॉर्ड करा असा रोजचा शिरस्ता असेल तर तो निवांतपणा तिला मिळतच नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्कमध्ये हे तंत्र असल्याचं बाहेर आलं, गदारोळ झाला, आणि त्यानंतर कोणत्या मॉडेलमध्ये काय आहे याच्या याद्या कंपन्यांनी जाहीर केल्या. आता मॉडेल क्रमांकावरून हे शोधता येतं. खिशात मावणाऱ्या २.५ इंची पोर्टेबल डिस्कमध्ये एसएमआर फार आढळतं.

साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीला वेगाची कमाल मर्यादा आहे: ६ गिगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात ५५० एमबीच्या आसपासच मिळतात. एनव्हीएमई ज्या वेगवान जोडणीवर चालते त्या पीसीआयईच्या ३.० आवृत्तीवर ती साधारण ३,५०० एमबीपर्यंत जाते, ४.० वर ७,००० च्या पुढे आणि ५.० वर त्याच्याही दुप्पट. रेकॉर्डिंगपुरतं बोलायचं तर या तिघांतला फरक तुम्हाला जाणवणार नाही. ४.० ऐवजी ५.० घेऊन व्हिडिओचा दर्जा तसूभरही वाढत नाही. एसएसडीच्या बाबतीत बघायची गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यासाठी पुढची अख्खी पायरी.

पायरी ३: एसएसडीचा दुसरा वेग शोधा

आजच्या बहुतेक एसएसडी टीएलसी किंवा क्यूएलसी प्रकारच्या असतात. टीएलसीच्या एका पेशीत तीन बिट मावतात, क्यूएलसीच्या पेशीत चार. बिट जितके जास्त तितकं लिहिणं किचकट आणि हळू. हा हळूपणा झाकण्यासाठी ड्राइव्हचा काही भाग तात्पुरता एक-बिटी म्हणून वापरतात, त्याला एसएलसी कॅश म्हणतात. सामान आधी दारात उतरवून मग सवडीने आत लावावं, तसं हे चालतं. खोक्यावरचा वेग हा दारात उतरवण्याचा वेग असतो. दारातली जागा भरली की दुसरा, खरा वेग समोर येतो.

काही कंपन्या तो प्रामाणिकपणे छापतात. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या १ टीबीच्या साटा एसएसडीच्या माहितीपत्रकात लिहिण्याचा वेग ५३० एमबी आहे, आणि त्याच पत्रकात पुढे म्हटलंय की ४२ जीबीची कॅश संपल्यावर तो ८० एमबी होतो. ५३० एमबीने ४२ जीबी भरायला दीड मिनिटसुद्धा लागत नाही. २ टीबी आणि वरच्या मॉडेलमध्ये कॅश ७८ जीबीची आणि नंतरचा वेग १६० एमबी.

आता हे आपल्या आकड्यासमोर ठेवा. १५ एमबीचं ४के रेकॉर्डिंग? ८० एमबीतही आरामात बसतं, शिवाय इतक्या मंद प्रवाहात ड्राइव्हला मागच्या मागे कॅश रिकामी करायला वेळ मिळतो. मग क्यूएलसीच्या नावाने बोटं मोडायचं कारण नाही. पण ११७ एमबीचं लॉसलेस रेकॉर्डिंग? ८० ने ते शक्यच नाही. पहिली काही मिनिटं सुरळीत जातील, मग रॅममध्ये डेटा साचायला लागेल आणि फ्रेम गळायला सुरुवात होईल. ‘माझं रेकॉर्डिंग नेहमी ठरावीक वेळानेच बिघडतं’ असं कुणी म्हटलं की मला पहिला संशय याचाच येतो.

दुसरी मेख अशी की पुष्कळ ड्राइव्हमध्ये कॅशचा आकार रिकाम्या जागेवर अवलंबून असतो. टीएलसीमध्ये तीन बिटांच्या पेशीत एकच बिट लिहायचा, म्हणजे रिकाम्या जागेच्या फार तर एक तृतीयांश कॅश मिळणार. १ टीबीची एसएसडी कोरी असताना ती ३०० जीबीच्या घरात असू शकते, आणि ८०० जीबी भरल्यावर ६०-६५ जीबीवर येते. परीक्षणं बहुधा कोऱ्या ड्राइव्हवर केलेली असतात, आणि आपण मात्र तो कायम ठासून भरलेला ठेवतो. २० टक्के जागा मोकळी ठेवा म्हणतात ते यासाठी.

माहितीपत्रक वाचताना म्हणून या गोष्टी शोधा: पेशीचा प्रकार, कॅश संपल्यानंतरचा वेग (पत्रकात नसेल तर पूर्ण ड्राइव्ह सलग भरून घेतलेल्या चाचणीचा आलेख शोधा), आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीत किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे. स्वतःची डीरॅम (कामापुरती मेमरी) नसलेल्या स्वस्त एनव्हीएमई संगणकाचीच थोडी रॅम वापरून काम भागवतात. सलग मोठी फाइल लिहिताना त्याने विशेष अडत नाही.

पायरी ४: कुणाला कुठे बसवायचं

डेस्कटॉपमध्ये दोन ड्राइव्ह असतील तर वेगवान एनव्हीएमईवर विंडोज आणि गेम ठेवा, रेकॉर्डिंग दुसऱ्यावर पाठवा. अनेक जण नेमकं उलटं करतात. वेगाची खरी गरज गेमला असते, विशेषतः डायरेक्टस्टोरेज हे ड्राइव्हवरून झटपट डेटा आणण्याचं विंडोजचं तंत्र वापरणाऱ्या नव्या गेमना, कारण ते हवा तेव्हा हवा तो डेटा क्षणात मागतात. रेकॉर्डिंग बिचारं एका रेषेत, ठरल्या गतीने लिहीत राहतं. दुसरा ड्राइव्ह साधी साटा एसएसडी असली तरी पुरते, आणि तो फक्त दाबलेल्या व्हिडिओसाठी असेल तर सीएमआर हार्ड डिस्कही चालेल.

लॅपटॉपमध्ये एकच एसएसडी आहे? मग त्याच ड्राइव्हवर बिनधास्त रेकॉर्ड करा. एसएसडीला हलवायला हेड नाही, त्यामुळे १० एमबीचं लेखन तिच्या खिजगणतीतही नसतं. वेगळ्या ड्राइव्हच्या नियमापायी चांगली आतली एसएसडी सोडून व्हिडिओ यूएसबीच्या पेनड्राइव्हवर पाठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मदरबोर्डचं मॅन्युअल एकदा चाळा. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एनव्हीएमई बसवली की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात, आणि मग रेकॉर्डिंगची जुनी डिस्क अचानक ‘गायब’ होते. दुसरं म्हणजे पहिला एम.२ स्लॉट पुष्कळदा ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खाली असतो. कार्डाची गरम हवा खात बसलेली एनव्हीएमई ठरावीक तापमानाच्या वर गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. १५ एमबीच्या लेखनाने ती तापत नाही. पण तासन्‌तास २००-३०० एमबी लिहायचे असतील तर हीटसिंक लावा आणि लांबचा स्लॉट निवडा.

बाहेरच्या ड्राइव्हच्या बाबतीत केबल आणि पोर्ट हीच खरी मर्यादा. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिट देतं, हातात ३५ ते ४० एमबी पडतात. ५ गिगाबिटच्या पोर्टमधून ४०० ते ४५० आणि १० गिगाबिटच्या पोर्टमधून १,००० च्या आसपास. नावांचा गोंधळ तर विचारूच नका: यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही एकाच ५ गिगाबिटची नावं. नावाऐवजी गिगाबिट बघा.

कन्सोलचा गेम कॅप्चर कार्डातून (कन्सोलचं चित्र संगणकात आणणाऱ्या यंत्रातून) रेकॉर्ड करत असाल तर आणखी एक सापळा आहे. यूएसबी कॅप्चर कार्ड १०८०पी ६० एफपीएसचा न दाबलेला प्रवाह पाठवतं तेव्हा, पिक्सेलला दोन बाइट धरले तरी, सेकंदाला २४९ एमबी खातं. तेच कार्ड आणि बाहेरची एसएसडी एकाच ५ गिगाबिटच्या हबवर लावली की दोघांत रेटारेटी सुरू होते. कार्ड एका पोर्टवर, ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टवर, आणि दोन्ही थेट मदरबोर्डला.

मेमरी कार्डवर लिहिणारं स्वतंत्र रेकॉर्डर वापरत असाल तर कार्डावरच्या मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करा, तो बहुधा वाचण्याचा वेग असतो. ‘व्ही’ हे अक्षर आणि त्यापुढचा आकडा बघा. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना किमान ३० एमबी, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. ‘किमान’ सांगणारा आकडा खोक्यावर छापलेला सापडणं दुर्मीळ, त्याचा फायदा घ्या.

दोन डिस्क रेड ० मध्ये, म्हणजे डेटा दोघींवर वाटून एकीसारख्या चालवण्याच्या पद्धतीत, जोडण्याच्या भानगडीत आता पडू नये. वेग वाढतो हे खरं, पण एक डिस्क गेली की दोन्हींवरचं सगळं जातं, आणि तो वेग आज एक साधी एनव्हीएमई एकटी देते.

पायरी ५: विकत घेतल्यावर लगेच चाचणी

ड्राइव्हचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क चालवा, पण त्याच्या पहिल्या ओळीवर जाऊ नका. ती ओळ ड्राइव्हला एकाच वेळी अनेक मागण्या देऊन काढलेली असते. रेकॉर्डिंगचं काम क्यू १, टी १ (एका वेळी एकच मागणी) असं लिहिलेल्या सलग लेखनाच्या ओळीशी जास्त जुळतं. चाचणी फाइलचा आकार १ जीबीवरून ६४ जीबीवर न्या. १ जीबीची चाचणी काही सेकंदांत उरकते, दारातल्या सामानापलीकडे ती जातच नाही.

याहून बोलकी चाचणी फुकट आणि हाताशी आहे. दुसऱ्या वेगवान ड्राइव्हवरून १०० ते १५० जीबीचे व्हिडिओ नव्या ड्राइव्हवर कॉपी करायला लावा आणि विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत ‘अधिक तपशील’ उघडून आलेख बघत बसा. पहिल्या काही सेकंदांत वेग ड्राइव्हच्या कुवतीपलीकडे, कधी १ जीबीच्याही वर दिसेल. तो खरा नाही, डेटा तोवर फक्त रॅममध्ये साचलाय. मग आलेख एका पठारावर येतो: हा कॅशचा वेग. आणि मग, ड्राइव्ह तसा असेल तर, कडा उतरावा तसा खाली येऊन नव्या, बुटक्या पठारावर स्थिरावतो. या शेवटच्या पठाराचा आकडा लिहून ठेवा. तो पायरी १ मधल्या आकड्याच्या दुप्पट (हार्ड डिस्क असेल तर तिप्पट) असेल तर ड्राइव्ह पास. हीच चाचणी ड्राइव्ह तीन चतुर्थांश भरल्यावर पुन्हा करा, रोजच्या वापरातलं खरं चित्र तेव्हा दिसतं.

अनोळखी विक्रेत्याकडून घेतलेलं कार्ड किंवा पेनड्राइव्ह असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटं सॉफ्टवेअर वापरा. ते पूर्ण जागा लिहून परत वाचतं, त्यामुळे बनावट क्षमताही उघडी पडते. लिनक्सवर हेच काम एफ३ करतं.

पायरी ६: विंडोजमधल्या आडवाटा बंद करा

फॉरमॅट एनटीएफएस किंवा एक्सफॅट ठेवा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. ५० मेगाबिटचं रेकॉर्डिंग दर वेळी साधारण साडेअकरा मिनिटांनी थांबत असेल तर दुसरीकडे कुठे शोधू नका, कारण हेच आहे. एनटीएफएसमधलं ‘जागा वाचवण्यासाठी दाबा’ हे चौकटीतलं टिक काढून टाका. आधीच दाबलेला व्हिडिओ पुन्हा दाबून काही वाचत नाही.

रेकॉर्डिंगचं फोल्डर वनड्राइव्ह किंवा तत्सम सेवेच्या देखरेखीत नाही ना, हे तपासा. ‘व्हिडिओज’ हे फोल्डर अनेकांच्या नकळत तिकडे जोडलेलं असतं, आणि मग २० जीबीची फाइल लिहून होते न होते तोच तिचं वाचन आणि अपलोड सुरू होतं. त्यापेक्षा ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर काढा आणि अँटीव्हायरसच्या तपासणीतून ते वगळा. गेमचे अपडेट आणि मोठी डाउनलोड रेकॉर्डिंग संपेपर्यंत थांबवून ठेवा. शंभर जीबीचा गेम त्याच एसएसडीवर उतरत असेल तर कॅश तोच खाऊन टाकतो.

फाइलचा साचा एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा ड्राइव्हची केबल निसटली तर दोन तासांचं रेकॉर्डिंग उघडतच नाही. एमकेव्ही तिथपर्यंतचं सगळं राखतं, आणि ओबीएस नंतर ते एमपी४ मध्ये बदलून देतं. २०२४ मध्ये ओबीएसने हायब्रिड एमपी४ आणला, त्यात ही अडचण राहिलेली नाही.

पायरी ७: तरीही फ्रेम गळतायत?

ओबीएसचं स्टॅट्स पॅनेल उघडं ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड करा. रेंडरिंगमुळे चुकलेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड गेममध्येच दमलंय. गेमच्या एफपीएसवर मर्यादा घाला. ड्राइव्हचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. एन्कोडिंगमुळे गाळलेल्या फ्रेम वाढत असतील तर दोघांवर संशय: एन्कोडर आणि ड्राइव्ह.

त्यांची उलटतपासणी सोपी आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचं पान उघडा. ‘सक्रिय वेळ’ १०० टक्के, लिहिण्याचा वेग मात्र जेमतेम १०-२० एमबी आणि प्रतिसादाचा वेळ शेकडो मिलिसेकंद, असं त्रिकूट दिसलं तर ड्राइव्ह गुन्हेगार. डिस्क ५ टक्क्यांवर निवांत आणि ग्राफिक्स कार्डाचा व्हिडिओ एन्कोड आलेख छताला टेकलेला असेल तर एन्कोडर. तरी खात्री नसेल तर काहीही न बदलता फक्त फाइल लिहिण्याची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर न्या. अडखळणं तसंच राहिलं तर पहिला ड्राइव्ह निर्दोष.

आणि एक शक्यता लोक विसरतात: फाइल चांगलीच असते, अडखळतो तो ती दाखवणारा संगणक. जुन्या यंत्रावर ४के एचईव्हीसी किंवा एव्ही१ उलगडणं जड जातं. दुसऱ्या यंत्रावर किंवा फोनवर चालवून बघा, नाहीतर एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. फ्रेम जागच्या जागी असतील तर नवा ड्राइव्ह घेऊन उपयोग नाही.

पायरी ८: जागा आणि झीज

१ टीबीच्या ड्राइव्हवर २० टक्के मोकळं ठेवलं तर ५० मेगाबिटचं रेकॉर्डिंग सुमारे ३५ तासांचं मावतं, १२० मेगाबिटचं १५ तासांच्या जवळपास, आणि ४के प्रोरेस ४२२ एचक्यू जेमतेम एक तास. लॉसलेसचा मोह इथे उतरतो. वेगवान ड्राइव्ह एकदाच घ्यावा लागतो, जागेची तहान मात्र दर आठवड्याला लागते. रंगांवर किंवा हिरव्या पडद्यावर बारीक काम करायचं नसेल तर चढ्या दर्जाचं सीक्यूपी पुरे.

एसएसडी लिहून लिहून मरेल ही भीतीही आकड्यात मांडून बघा. ५० मेगाबिटने रोज तीन तास म्हणजे वर्षाला साधारण २५ टीबी. १ टीबीच्या टीएलसी एसएसडीला ६०० टीबीडब्ल्यू ही हमी सर्रास मिळते. तेवढं लिहायला २४ वर्षं लागतील. लॉसलेसचं तसं नाही: ९० एमबीने रोज दोन तास लिहिलं की वर्षाला २३६ टीबी होतात आणि तीच हमी अडीच वर्षांत संपते.

‘मागची काही मिनिटं जपून ठेव’ ही सोय चोवीस तास चालू ठेवणाऱ्यांनी थोडं सावध असावं. ओबीएसचा रिप्ले बफर रॅममध्ये राहतो, जतन केल्याशिवाय डिस्कला हात लावत नाही. एनव्हिडियाचं इन्स्टंट रिप्ले मात्र तात्पुरत्या फाइल सतत डिस्कवर लिहीत असतं. ५० मेगाबिटने दिवसाचे आठ तास ते चालू असेल तर एकही क्लिप न जपता रोज १८० जीबी लिहिले जातात. त्याची तात्पुरत्या फाइलची जागा सेटिंगमधून बदलता येते, ती विंडोजच्या ड्राइव्हवरून हलवून रेकॉर्डिंगच्या ड्राइव्हवर न्या.

संपादन झालेलं मूळ रेकॉर्डिंग मोठ्या, संथ हार्ड डिस्कवर काढून ठेवा; साठवणीला तिच्याइतकं स्वस्त आणि सोयीचं काही नाही. हलवताना ‘कट’ करू नका. कॉपी करा, तिथून फाइल उघडून शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवून बघा, आणि मगच एसएसडीवरची मूळ प्रत पुसा.